'फेअर', 'पेल' आणि मराठी गोरेपणा

इंग्रजी काव्य मराठीतून शिकविताना काही शब्दांचे अर्थ आपण न थांबता सांगून टाकतो. 'फेअर' म्हणजे गोरा, 'पेल' म्हणजे फिकट, 'व्हाइट' म्हणजे पांढरा, हे त्यांतलेच. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे वर्गात हेच केले आहे आणि विद्यार्थ्यांनी ते उत्तरपत्रिकांत निष्ठेने परत केले आहे. या समीकरणांत एक गृहीतक दडलेले असते. हे सर्व शब्द एकाच पट्टीवरील रंगांची, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्यांची, नावे आहेत असे आपण मानून चालतो. इंग्रजीतील उजळ वर्णाचे शब्द ज्या वाटांनी आले त्या पाहू लागलो की हे गृहीतक टिकत नाही. त्यांतील बहुतेक शब्द मुळात रंगाचे नव्हतेच. काही सौंदर्याचे होते, काही झळाळीचे, काही झळाळीच्या अभावाचे. आणि जे आज गोरेपणाच्या जवळ जाऊन बसले आहेत त्यांतले एकदोन तर काळोखाच्या बाजूने आलेले आहेत.

'फेअर' पासून आरंभ करणे सोयीचे. प्राचीन इंग्रजीत 'फॅगेर' या रूपात हा शब्द आढळतो आणि त्याचा अर्थ सुंदर, सुखद, मनोहर असा आहे. माणूस, झाड, दिवस, बोलणे, वस्त्र या सर्वांना तो लागतो. त्याच्या विरुद्ध उभा राहणारा शब्द 'फाउल' हा होता: घाण, कुरूप, ओंगळ. हवा 'फेअर' असते किंवा 'फाउल' असते. 'मॅक्‌बेथ'च्या आरंभी चेटकिणी ज्या दोन शब्दांची अदलाबदल करतात ते हेच, आणि तिथे कातडीच्या वर्णाचा काडीमात्र संबंध नाही. केस व कांती यांच्या उजळपणासाठी, म्हणजे 'डार्क'च्या विरोधात, हा शब्द रूढ होतो तो सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. अर्थपालट ओळखण्याची सोपी खूण अशी की शब्दाचा विरुद्धार्थी जोडीदार बदलतो. 'फेअर'चा जोडीदार 'फाउल' होता, तो 'ब्लॅक' किंवा 'डार्क' झाला. सुंदर या शब्दाने एका विशिष्ट वर्णाशी घरोबा केला, आणि मग तो वर्णच त्याचा एक अर्थ होऊन बसला.

हा पालट पुरा होण्याच्या आधीच, दोन्ही जोडीदार जिवंत असताना, शेक्सपिअर लिहीत होता. त्यामुळे त्याच्या लेखनात 'फेअर' शब्द दिसला की वाचकाने क्षणभर थांबावयास हवे. 'ऑथेल्लो'च्या दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात डेस्डिमोना इयागोला स्त्रियांची स्तुती करावयास सांगते आणि तो चार प्रकारच्या स्त्रियांवर चुटके रचतो. त्यांत 'फेअर' स्त्रीच्या समोर एकदा 'ब्लॅक' स्त्री येते, तर शेवटी 'फाउल' स्त्री येते. एकाच बैठकीत, एकाच पात्राच्या तोंडी, त्या शब्दाचे दोन्ही प्रतिस्पर्धी उभे केलेले आहेत. 1609 साली छापल्या गेलेल्या सुनीतांपैकी 127 वे सुनीत याच पेचावर उभे आहे: पूर्वी काळ्या वर्णाला 'फेअर' मानीत नसत, ही त्याची सुरुवातीची तक्रार. तिथे 'फेअर' म्हणजे फक्त गोरा असा अर्थ घेतला तर 'काळ्याला गोरा मानीत नसत' असे निरर्थक विधान हाती येते. फक्त सुंदर असा घेतला तर विनोदाचा काटा मोडतो. सुनीताचे सारे चातुर्य दोन अर्थांच्या मधल्या फटीत आहे.

किम एफ. हॉल यांनी 'थिंग्ज ऑफ डार्कनेस' या 1995 च्या ग्रंथात ही 'फेअर' आणि 'ब्लॅक'ची भाषा केवळ सौंदर्याची भाषा नसून त्या काळातील व्यापार, वसाहती व वंशभेद यांच्याशी ती बांधलेली आहे, असे विस्ताराने प्रतिपादिले आहे. या प्रतिपादनाने शेक्सपिअरच्या वाचनात मोठी भर पडली यात शंका नाही. तथापि एक सावधगिरी बाळगावीशी वाटते. दर 'फेअर'च्या मागे वर्णभेद शोधू लागलो तर शब्दाचा जुना, वर्णनिरपेक्ष अर्थ त्या काळी किती सशक्त होता हे नजरेआड होते. आणि तो अर्थ सशक्त होता म्हणूनच तर वर्णाला सौंदर्याचे नाव बळकावता आले.

आता मराठीकडे वळू. जुन्या 'फेअर'ला मराठीत नेमका शब्द आहे, आणि तो 'गोरा' नव्हे. तो 'गोमटा' आहे. संतवाङ्मयात गोमटे म्हणजे चांगले, सुंदर, हितकर. बोलणे गोमटे असते, फळ गोमटे असते, रूप गोमटे असते. श्रवणबेळगोळच्या गोम्मटेश्वराच्या नावाचा उलगडा करताना डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी मराठी-कोकणीतील या शब्दाकडेच बोट दाखविले होते, आणि त्या पाषाणाच्या अंगावर वर्णाचा प्रश्नच नाही. परंतु आज हा शब्द एकटा फारसा फिरताना दिसत नाही. तो बहुधा 'गोरागोमटा', 'गोरीगोमटी' या जोडशब्दातच भेटतो. इंग्रजीने एका शब्दात जे दोन अर्थ कोंबले ते मराठीने दोन शब्द शेजारी ठेवून सांगितले, हे खरे. पण नित्याच्या सहवासाने गोमट्यालाही गोऱ्याचा रंग चढू लागला आहे. बोलीभाषेतून 'काळागोमटा' हा जोड ऐकू येत नाही. ज्या विठ्ठलाला सावळा आणि सुंदर ही दोन्ही विशेषणे एका श्वासात लावली गेली त्याच्याच मुलखात हे व्हावे, याची नोंद करून ठेवण्याजोगी आहे. (त्या सावळ्या देवाला आपण 'पांडुरंग' म्हणतो ही गोष्ट वेगळी. त्या नावाच्या व्युत्पत्तीचा वाद जुना आहे. परंतु रोज उच्चारल्या जाणाऱ्या नावातील रंगाकडे कान किती दुर्लक्ष करू शकतो, याचे हे घरचे उदाहरण.)

तेव्हा 'ऑथेल्लो'च्या भाषांतरकाराने काय करावे? महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर 1867 चे, देवलांचा 'झुंझारराव' 1890 चा. तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येक मराठी लेखकापुढे येत राहिला आहे. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ड्यूक डेस्डिमोनाच्या बापाची समजूत घालताना म्हणतो की सद्‌गुणात सौंदर्य असेल तर तुमचा जावई काळा कमी आणि 'फेअर'च अधिक. इथे 'गोरा' घातले तर ड्यूक उघड खोटे बोलतो. 'सुंदर' घातले तर 'काळा' या शब्दाशी असलेली लढत सुटते. माझ्या मते इथे 'उजळ' हा शब्द कामाला येतो. उजळ वर्ण असतो, तसा उजळ माथाही असतो. 'उजळ माथ्याने वावरणे' यात प्रतिष्ठा आहे, नीती आहे, आणि काळे तोंड करण्याच्या विरुद्ध तो वाक्प्रचार आपोआप उभा राहतो. 'उजळ' मध्ये सौंदर्याचा अंश कमी पडतो हे मान्य केले पाहिजे. तरी प्रकाश, वर्ण आणि शील या तिन्ही गोष्टी पेलणारा दुसरा शब्द मला मराठीत सापडलेला नाही.

'फेअर'च्या पलीकडच्या तीरावर 'पेल' आहे. रंगपट्टीच्या हिशेबाने पाहिले तर 'फेअर' कांती आणि 'पेल' कांती यांत मोठे अंतर नाही. एकाच चेहऱ्याला चाहता 'फेअर' म्हणेल आणि वैद्य 'पेल'. मग भेद कशात? मराठी व्याकरणात या भेदाची एक सुंदर कसोटी आहे. चेहरा पांढरा पडतो, फिका पडतो, पिवळा पडतो, काळा पडतो. चेहरा गोरा पडत नाही. 'पडणे' या सहायक क्रियापदात ऱ्हास आहे, असलेले काहीतरी निघून जाणे आहे. जो वर्णशब्द 'पडणे' स्वीकारतो तो अवस्थेचा शब्द. जो नाकारतो तो स्वभाववर्णाचा. इंग्रजीतही भीतीने माणूस 'पेल' होतो, 'व्हाइट' होतो. 'फेअर' मात्र कोणी होत नाही. म्हणजे 'फेअर' आणि 'पेल' यांतील भेद छटेचा नसून, रक्त जागेवर आहे की गेले आहे, याचा आहे.

लॅटिन 'पाल्लिदुस'वरून जुन्या फ्रेंचमार्गे 'पेल' आला; त्याच लॅटिन शब्दावरून विद्वानांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'पॅलिड' हा दुसरा शब्द थेट उचलला. भीतीने थिजविणे या अर्थाचा 'अपॉल' मूळचा याच कुळातला, पांढरे पडणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला. दूरचे नाते पाहू गेल्यास संस्कृत 'पलित', म्हणजे पिकलेले केस, हा याचा सगोत्र आहे. एक गोत्र कवेत घेऊन शब्द चेहऱ्यावरून केसांवर, केसांवरून भीतीवर कसा फिरतो पहा.

स्थायी वर्ण आणि क्षणिक अवस्था यांची सरमिसळ आपल्या परंपरेला अपरिचित नाही. व्यासांना पाहून अंबालिका भयाने पांढरी पडली आणि म्हणून तिचा पुत्र जन्मतः पांडुवर्ण झाला, ही महाभारतातील कथा म्हणजे मातेच्या अवस्थेचे पुत्राच्या वर्णात झालेले रूपांतरच होय. अमरकोशात गौर हा शब्द शुक्ल, श्वेत, धवल यांच्या पंक्तीत बसविला आहे, पांडु आणि पांडुर यांना मात्र वेगळे आसन दिले आहे. वैद्यकाने पांडुरोग म्हटले. काव्याने त्याच पांडुतेला विरहाचे लेणे केले. मेघदूतात ग्रीष्माने कृश झालेली नदी गळलेल्या जीर्ण पानांनी पांडुर दिसते, ती मेघाच्या विरहात झुरणाऱ्या प्रियेसारखी. रोगाचे लक्षण तेच प्रेमाचे लक्षण, हा दुहेरीपणा इंग्रजीत विशेष तीव्रतेने दिसतो तो कीट्समध्ये. 'ला बेल दाम सां मेर्सी' ही कविता 1819 च्या एप्रिलमधली. त्याचा धाकटा भाऊ टॉम 1818 च्या डिसेंबरात क्षयाने गेला होता आणि स्वतः कीट्स 1821 त त्याच रोगाने गेला. त्या कवितेत 'पेल' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो: सरदाराच्या भटकण्याला तो लागतो आणि स्वप्नातील राजे, राजपुत्र व योद्धे यांना लागतो. इथे 'गोरे राजे' म्हणणे हास्यास्पद होईल हे कोणालाही कळते; पण 'फिकट राजे' हेही फारसे बरे नाही, कारण फिकटपणा आपल्याकडे कपड्याला आणि शाईला लागतो. 'पांडुर' हाच शब्द तिथे योग्य. संस्कृत शब्द घेतल्याने भाषांतर जड होते ही तक्रार एरवी मीही करतो. इथे मात्र त्या शब्दात विरह आणि व्याधी दोन्ही आधीपासून मुरलेली आहेत.

सर्वांत चमत्कारिक इतिहास मात्र 'वॉन' या शब्दाचा. आज त्याचा अर्थ म्लान, निस्तेज, पांढुरका. हसू सुद्धा 'वॉन' असू शकते. प्राचीन इंग्रजीत हाच शब्द काळोखाचा होता. 'बेओवुल्फ'मध्ये तो कावळ्याच्या जातीच्या पक्ष्याला, रात्रीला लागतो. काळाचा अर्थ पांढुरका कसा झाला? रंग हा धागा धरला तर उत्तर मिळत नाही. तेज हा धागा धरला तर मिळते. 'वॉन'चा गाभा तेजोहीनता हा होता. तेज नाही म्हणून रात्र तशी, समुद्र तसा, शिसे तसे. मग प्रेताचा आणि रोग्याचा चेहरा तसा. आणि रोग्याचा चेहरा पांढुरका असतो म्हणून अखेर शब्दही पांढुरका. 'सॅलो'ची वाटचालही जवळपास अशीच: पूर्वी मळकट, सावळा, आज रोगट पिवळा.

'ब्लॅक'ची गोष्ट याच्या उलट टोकाने येते. प्राचीन इंग्रजीत काळा या अर्थाचा 'ब्लॅक' आणि फिका, चकाकणारा, पांढरा या अर्थाचा 'ब्लाक' असे दोन शब्द शेजारी नांदत होते. भेद स्वराच्या ऱ्हस्वदीर्घतेचा, आणि हस्तलिखितांत ती बहुधा दाखविलेली नसे. त्यामुळे पुढे मध्यकालीन इंग्रजीतही काही ठिकाणी चेहरा काळा आहे की पांढरा, हे केवळ संदर्भावरून ठरवावे लागते आणि कधी संदर्भही साथ देत नाही. चकाकणाऱ्या शब्दाच्या कुळातून 'ब्लीच' आला. स्कँडिनेव्हियन भगिनीरूपातून 'ब्लीक' आला, जो आता उजाड माळाला आणि भवितव्याला लागतो. काळ्या 'ब्लॅक'चे मूळ जळणे या अर्थाच्या धातूत शोधतात, ज्याचे लॅटिन व ग्रीक वंशज अजून ज्वाळेचेच शब्द आहेत. जळताना जे झगझगते तेच जळून गेल्यावर काळे होते. एकाच आगीची ही दोन टोके.

'फॅलो' हाही तसाच: 'बेओवुल्फ'मध्ये घोडे, रस्ता आणि समुद्र या तिघांनाही तो लागतो. पिवळसर घोडा आणि पिवळसर समुद्र यांचा मेळ घालताना भाष्यकारांची जी तारांबळ उडते ती रंगाचा हट्ट सोडला की कमी होते. 'पलित'चा हाही सगोत्रच.

बर्लिन आणि के यांनी 1969 साली 'बेसिक कलर टर्म्स' प्रसिद्ध केल्यापासून रंगशब्दांच्या अभ्यासाला एक निश्चित पद्धत मिळाली. रंगाच्या तुकड्यांचा मन्सेल तक्ता समोर ठेवावयाचा आणि भाषकाला विचारावयाचे, याला काय म्हणता. पद्धत उपयुक्त आहे. परंतु आपल्या विषयातील शब्द तिच्या चाळणीतून गळून पडतात. 'फेअर'चा तुकडा त्या तक्त्यात नाही, 'वॉन'चा नाही, 'गोरा'चाही नाही. मराठी भाषक कागदाच्या तुकड्याला गोरा म्हणणारच नाही. कांतीचे शब्द कांतीवाचून अस्तित्वातच नसतात. ज्या शब्दांनी माणसे माणसांना निवडतात, नाकारतात, त्यांच्यावर राज्य करतात, नेमके तेच शब्द तक्त्याबाहेर राहावेत, ही या पद्धतीची मला मोठी उणीव वाटते.

'लिव्हिड' विषयी थोडक्यात. लॅटिनमध्ये तो मार लागून निळ्याकाळ्या झालेल्या अंगाचा शब्द. इंग्रजीत तो प्रेतकळेकडे, मग रागाने पांढऱ्याफटक पडलेल्या चेहऱ्याकडे गेला आणि विसाव्या शतकात नुसता 'संतप्त' झाला. आज कित्येक वाचक त्या चेहऱ्याची कल्पना लाल अशी करतात. 'ब्लॉन्ड' हा फ्रेंचमधून आलेला शब्द केसांपुरता. त्याचे स्त्रीलिंगी लेखन इंग्रजीनेही जपले, एवढीच त्याची मौज.

राहिला 'व्हाइट'. हा मात्र अस्सल रंगाचा, संस्कृत 'श्वेत'चा भाऊ. माणसांच्या समूहाला तो लागू लागला तो वसाहतींच्या विस्ताराबरोबर. ब्लूमेनबाखने 1795 मध्ये 'कॉकेशियन' हे नाव देऊन त्याला शास्त्राचा पोशाख चढविला. मराठीने या समूहाला 'पांढरे' म्हटले नाही, 'गोरे' म्हटले, ही बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. पांढरा हा आपल्याकडे कापडाचा, चुन्याचा, पडलेल्या चेहऱ्याचा रंग. गोरा हा जिवंत माणसाचा. साहेबाला गोरा म्हणताना आपण त्याला आपल्याच घरातील वर्णपट्टीवर, सर्वांत वरच्या पायरीवर, नेऊन बसविले. इंग्रजीत 'व्हाइट' आणि 'फेअर' यांत जी भिंत आहे, की 'फेअर' कोणत्याही समाजातील व्यक्ती असू शकते पण 'व्हाइट' नव्हे, ती 'गोरा' शब्दाने पाडून टाकली. 'गोऱ्यांचे राज्य' आणि 'गोरी सून' यांत एकच विशेषण आहे.

विवाहाच्या जाहिरातींतील भारतीय इंग्रजीने 'फेअर' घेतला तो या मराठी-हिंदी गोऱ्याचा अर्थ भरून. 1975 साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाचे नाव पाहिले तर 'फेअर'चा जुना सौंदर्यार्थ त्यातून पार निघून गेल्याचे दिसते, नाहीतर पुढे 'लव्हली' जोडावयाचे कारण नव्हते. ते नाव म्हणजे 'गोरागोमटा'चेच भाषांतर होय. 2020 मध्ये टीकेनंतर त्यातील 'फेअर' काढून 'ग्लो' घालण्यात आला. वर्णाचा शब्द जाऊन तेजाचा शब्द आला. प्राचीन इंग्रजी कवीला तो बदल कदाचित बदल वाटलाही नसता.

त्याच जाहिरातींत 'व्हीटिश' असा एक शब्द असतो. इंग्लंडात तो कानावर पडत नाही; आपल्या गव्हाळ वर्णासाठी आपण तो घडविला आहे, गोरा म्हणवत नाही आणि सावळा म्हणवत नाही अशा मधल्या जागेसाठी. आता 'व्हीट', म्हणजे गहू, या शब्दाची व्युत्पत्ती पहा. त्याच्या पिठाच्या रंगावरून त्याला ते नाव पडले, आणि मूळ तेच, 'व्हाइट'चे, 'श्वेत'चे.